झोपेसाठी व्हिडिओ कसा लावावा : इस्लामपूर व पंचक्रोशीतील नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

पात्रता

पाठ टेकली की घोरायला लागणाऱ्यांनी पुढे वाचायची गरज नाही. अशी मंडळी घरटी एक तरी असते आणि बाकीच्यांच्या जागरणाचं मूळ बहुधा तिथेच असतं. ही मार्गदर्शिका त्या बाकीच्यांसाठी आहे. ज्यांनी ‘पाचच मिनिटं’ म्हणून साडेदहाला फोन हातात घेतला आणि दीड वाजता ज्यांच्यापाशी पाणबुडीतल्या स्वयंपाकघराची साग्रसंगीत माहिती होती, पण झोप नव्हती, त्यांनी जवळ सरकून बसावं.

यूट्यूबवर झोपेचे व्हिडिओ उदंड आहेत. दहा-दहा तासांचा पाऊस आहे, पंख्याची घरघर आहे, जळणारी शेकोटी आहे, कानाशी कुजबुजणारी माणसं आहेत. अडचण एवढीच की यातलं काहीही वाळवा तालुका डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं नाही. ज्या पावसाच्या आवाजाने लंडनचा माणूस ढाराढूर झोपतो, त्याच आवाजाने बोरगावचा माणूस उठून बसतो. म्हणून ही स्थानिक आवृत्ती.

एक खुलासा. राज्य सरकारने २०२५ मध्ये गावाचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. या मार्गदर्शिकेत तोंडातलं जुनं नाव ठेवलं आहे. त्यावर रात्री अंथरुणात चर्चा करू नये. चर्चा सुरू झाली तर पुढची एकही पायरी लागू पडणार नाही.

साहित्य

१. फोन एक, निम्म्याहून जास्त चार्ज असलेला. चार्जरची वायर पलंगापर्यंत पोचत नाही हे गृहीत धरावं. कुठल्याच घरात पोचत नाही.

२. स्टीलचा ग्लास किंवा तांब्या एक. फोन त्यात उभा ठेवला की आवाजही वाढतो आणि स्टँडचे पैसेही वाचतात. ग्लासात पाणी नाही याची आधी खात्री करून घ्यावी.

३. उशा दोन : एक डोक्याखाली, दुसरी शेजारच्याने फेकून मारली तर अडवायला.

फोन हातात धरून, उताणं झोपून व्हिडिओ बघू नये. डोळा लागला की पकड सुटते आणि फोन नाकावर येतो. बसलेला मार फार नसतो, पण त्यानंतर माणूस तासभर स्वतःवर चिडून जागा राहतो. फोन ग्लासासकट डोक्यामागे, पाठमोरा ठेवावा. झोपेचा व्हिडिओ ऐकायचा असतो, बघायचा नसतो, ही पहिली दीक्षा.

पायरी पहिली : आधी बाहेरचा आवाज ओळखा

आवाज किती ठेवायचा हे फोनवर नव्हे, खिडकीबाहेर ठरतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा ५५ची. हा नियम डॉल्बीवाल्यांनाही ठाऊक आहे. दहा वाजले हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे रात्रीचे ऋतू तीन. पहिला हंगामाचा. कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की साखराळ्याकडे रात्रभर ऊस वाहतो. ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांना जोडणाऱ्या साखळीचा खणखणाट, आणि या सगळ्याच्या वर गाणं. ट्रॅक्टर येतोय हे आधी गाण्यावरून कळतं, मग दिव्यावरून. चालकाला नावं ठेवू नयेत. त्याने गाणं लावलंय ते झोप येऊ नये म्हणून, तुम्ही व्हिडिओ लावलाय तो झोप यावी म्हणून. दोघांच्या हातात फोन तोच आणि दोघांना ‘हेही आवडेल’ म्हणून सुचवणारं यूट्यूबही तेच. हंगामात झोपेचे व्हिडिओ जाड आवाजाचे घ्यावेत : पंखा, विमानाच्या आतली घरघर, जहाजाचं इंजिन. बारीक आवाजाचे व्हिडिओ पहिल्याच ट्रॉलीखाली चिरडतात.

दुसरा ऋतू लग्नसराईचा. यावर व्हिडिओ नाही. वरातीत सामील व्हावं, नाचून दमावं.

तिसरा पावसाळ्याचा. बाहेर बेडूक, रातकिडे आणि पत्र्यावर पाऊस, म्हणजे परदेशातली माणसं ज्यासाठी पैसे मोजतात ते सगळं फुकट. तरीही झोप येत नाही. का, ते पुढच्या पायरीत.

पायरी दुसरी : प्रकार ओळखा

*पाऊस.* जगभरात झोपेच्या व्हिडिओंचा राजा. नवशिका सगळ्यात आधी हाच लावतो आणि कृष्णाकाठचा नवशिका इथेच नापास होतो. दहा मिनिटं संततधार ऐकली की अंधारातून आवाज येतो, “आरं, कोयनेत किती टीएमसी झालं बघ की.” कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. हा आकडा आपल्याकडे पोरांना पाढ्यांबरोबर येतो. मग विसर्ग किती क्युसेक, वक्र दरवाजे किती फुटांवर, अलमट्टीची पातळी काय, सांगलीला आयर्विन पुलाखाली पाणी कुठवर आलं, अशी एकेक चौकशी निघते. तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ज्यांनी त्या वर्षी गोठ्यातली जनावरं अंधारात सोडवून उंचावर नेली, त्यांना ‘कौलांवरचा शांत पाऊस, १० तास’ हा व्हिडिओ झोपेसाठी देणं बरं नव्हे. शेरा : डोंगरावर राहणाऱ्यांसाठी.

*कुजबुज.* परदेशात याला एएसएमआर म्हणतात. हे नाव २०१० मध्ये जेनिफर ॲलन या अमेरिकन बाईंनी दिलं. कुणी हळू बोलतं, केसांतून ब्रश फिरवतं, कागद चुरगाळतं आणि ऐकणाऱ्याच्या टाळूपासून मानेपर्यंत गोड मुंग्या येतात. सगळ्यांनाच येतात असं नाही. आपल्या घरात एक वेगळी अडचण आहे. मधल्या खोलीतून रात्री बाईमाणसाची कुजबुज ऐकू आली की पलीकडच्या खोलीत आई जागी होते. “कुणाशी बोलाय लागलाईस रं?” हा प्रश्न एकदा आला की टाळूच्या मुंग्या तळपायात जातात. शेरा : इअरफोन असल्यासच, आणि लग्न ठरायच्या वयात अजिबात नको.

*चित्रकार.* अमेरिकेत बॉब रॉस नावाचे गृहस्थ होते. पीबीएस वाहिनीवर १९८३ ते १९९४ या काळात त्यांनी ‘द जॉय ऑफ पेंटिंग’चे ४०३ भाग केले. प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा आणि अर्ध्या तासात अख्खा डोंगर, तळं, झाडं रंगवून मोकळे. त्याआधी २० वर्षं ते अमेरिकी हवाई दलात होते. तिथे हाताखालच्यांवर ओरडणं हाच नोकरीचा भाग होता. बाहेर पडल्यावर परत कधी आवाज चढवायचा नाही असं त्यांनी ठरवलं आणि पाळलं. हे भाग आजही यूट्यूबवर आहेत. इंग्रजी सगळं कळत नसेल तर अधिकच चांगलं. सगळं कळलं की माणूस ऐकत बसतो. शेरा : नवशिक्यांसाठी उत्तम. फक्त चित्रकलेच्या शिक्षकांनी टाळावं, ते ब्रश कसा धरलाय हे बघायला उठतात.

*प्रवास.* नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने २००९ मध्ये बर्गन ते ऑस्लो हा रेल्वेप्रवास इंजिनाच्या काचेतून पुरता दाखवला, सात तासांच्या वर. लोकांनी तो आवडीने बघितला. मग २०११ मध्ये एका जहाजाचा १३४ तासांचा प्रवास थेट दाखवला. आपल्याकडेही कोकण रेल्वेचे बोगदे आणि पूल असेच चित्रित करून टाकणारे हौशी लोक आहेत. इस्लामपूरकरांना हा प्रकार मानवतो, कारण सांगलीच्या एसटीत बसलं की आष्टा यायच्या आत मान डुलायची सवय अंगी असतेच. मात्र रेल्वेच घ्यावी, हायवे नको. पुणे–बेंगळुरू रस्त्याचा व्हिडिओ लावला की पेठ नाक्यावर रोज गाडी चालवणारा माणूस अंथरुणात ब्रेक दाबतो. शेजारी झोपलेल्याच्या पोटरीला त्याचा त्रास होतो.

*गुऱ्हाळ.* हा आपला घरचा प्रकार, आणि गुणवत्तेत नॉर्वेला मागे टाकणारा. चांगला व्हिडिओ असा असतो : चुलवाणात चिपाडं सरकवल्याचा आवाज, काहिलीत रस, आधी हिरवट, गढूळ. त्यात ठेचलेल्या भेंडीचं पाणी पडतं आणि घाण वर येऊन मळीची साय धरते. गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्याने ती ओढत, ओढत, कडेला आणतो. बोलत नाही. घाई करत नाही. रस तांबूस होतो, बुडबुडे आधी बारीक, मग मोठे, मग पुन्हा बारीक आणि चिकट. तो थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का बघतो, पुन्हा थांबतो. मग एका क्षणी चौघं मिळून काहील उचलतात आणि सोनेरी लोंढा वाफ्यात उतरतो. एवढ्यात ऐकणारा झोपलेला असावा. नसेल तर ढेपा बांधेपर्यंत वेळ आहे.

एवढं असूनही आपल्या तालुक्यात हा व्हिडिओ निम्म्या लोकांना चालत नाही. ज्याच्या घरी ऊस आहे तो पाचव्या मिनिटाला कोपरावर उठतो. “उतारा काय पडला आसंल? ही जात कुठली? ८६०३२?” तिथून एफआरपी, तिथून मागच्या वर्षीचं थकलेलं बिल, तिथून चेअरमन. रात्र संपली. शेरा : शिक्षक, बँकवाले, औषधदुकानदार यांनी जरूर लावावा. उत्पादक सभासदांनी लावू नये.

*स्वयंपाक.* अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ कुणाला माहीत नाही? आवाज मायेचा, कृती सावकाश. शिरीष आणि पूजा गवस मुंबई सोडून दोडामार्ग तालुक्यातल्या सासोली गावी गेले आणि त्यांनी ‘रेड सॉईल स्टोरीज’ सुरू केलं. लाल माती, चूल, ओला पाचोळा, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. २०२५ मध्ये शिरीष अकाली गेले. त्यांनी टिपलेला कोकण मागे आहे. हे व्हिडिओ पुरुषांना दहा मिनिटांत झोपवतात. घरातल्या बाईचं तसं होत नाही. दुसऱ्या कुणी भिजवलेले वाल दिसले की तिला आठवतं, आपण मटकी भिजवायची राहिली. ती उठते, दिवा लावते, आणि व्हिडिओने झोपलेला नवरा विचारतो, “आता काय काढलंस मधीच?” शेरा : डबा कोण करतं त्यावर अवलंबून.

*कीर्तन आणि कथाकथन.* बाबा महाराज सातारकरांचा (१९३६–२०२३) हरिपाठ हा झोपेचा नव्हे, जागण्याचा, हे मान्य. पण देवळात खांबाला टेकून कीर्तनात डोळा लागला तर आपल्याकडे कुणी पाप धरत नाही. टाळांचा ठेका एकसुरी असावा आणि बुवांनी विनोद करू नये, एवढी पथ्यं. इंदुरीकर महाराज यासाठी उपयोगाचे नाहीत, हसून पोट हलतं. पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ अवघ्या महाराष्ट्राला पाठ आहे, पुढे काय होणार याची उत्सुकता शून्य, म्हणजे झोपेला उत्तम. पण श्रोत्यांचा हशा अचानक फुटतो. आवाज तीनच्या वर नेऊ नये. तालुक्याचा अभिमान म्हणून कुणी वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ ऐकत झोपायचं म्हणेल, तर त्याने दुसऱ्या दिवशीची रजा आधी टाकावी. ती कादंबरी माणसाला अंथरुणात राहू देत नाही.

पायरी तिसरी : कसोटी

आता वरच्या शेऱ्यांकडे नीट बघा. पाऊस वाईट नाही, गुऱ्हाळ वाईट नाही, वालाची उसळ तर नाहीच नाही. घोटाळा होतो तो व्हिडिओ आपल्या कामाचा निघाला की. म्हणून नियम एकच : व्हिडिओत काम चालू असावं, ते मन लावून चाललेलं असावं, आणि ते आपलं नसावं.

काम का असावं? नुसती शांतता लावली तर मन स्वतःची कामं काढतं. हप्ता, दाखला, दहावीचा क्लास, भावकीतला बांध. दुसरं कुणी तरी जागं आहे आणि हातातलं काम नीट करतंय असं कानाला कळलं, की मनाचा पहारा सुटतो. आपलं का नसावं, हे कोयनेने सांगितलंच आहे.

नवशिक्यांच्या सोयीसाठी वाटप पुढीलप्रमाणे.

शेतकऱ्यांनी : गंजलेली घड्याळं, जुने कुलूपचावीचे जोड, मोडकी शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्यांचे व्हिडिओ. बोलणं नाही, फक्त घासणं, तेल, पुन्हा घासणं.

म्हशी-गाई असणाऱ्यांनी : सुतारकाम. परदेशात गाईंची खुरं तासण्याचे व्हिडिओ झोपेसाठी बघणारे लाखो लोक आहेत. आपल्याकडे ते दुधाच्या डेअरीवाल्याच्या घरी लावू नयेत. “एचएफ हाय का जर्सी? दूध किती देत आसंल?” असं सुरू होतं आणि पहाटेच्या धारेपर्यंत चालतं.

घर चालवणाऱ्या बायकांनी : स्वयंपाक, धुणं, गालिचे धुण्याचे व्हिडिओ, ‘माझी सकाळची दिनचर्या’ हे सगळं वर्ज्य. रेल्वे घ्यावी. सात तास कुणी तरी दुसरा चालवतोय, कुठलंही स्टेशन आलं तरी उतरायचं नाही आणि कुणी चहा मागणार नाही.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी : ‘थर्मोडायनॅमिक्स, पूर्ण अभ्यासक्रम’ हा व्हिडिओ झोप आणतो हे खरं, पण परीक्षेच्या आदल्या रात्री तो उलटतो. बॉब रॉसच बरे.

ड्रायव्हरांनी : काहीही, ज्यात चाक नाही.

कसोटीचा दुसरा भाग. चांगला झोपेचा चॅनेल तुमच्याकडे काही मागत नाही. दर चार मिनिटांनी ‘मित्रांनो, लाइक करा, घंटीचं बटण दाबा’ म्हणणारा माणूस कितीही गोड बोलला तरी तो वसुलीला आलेला आहे. वसुलीवाला दारात असताना कुणाला झोप लागते?

पायरी चौथी : बंद कसं करायचं

ही पायरी नवशिके वगळतात आणि पहाटे तीनला एखाद्या क्रिप्टोगुरूच्या आवाजाने जागे होतात.

मागच्या पिढीला हा प्रश्न नव्हता. उशाशी ट्रान्झिस्टर असायचा, त्यावर आकाशवाणी सांगली किंवा विविध भारतीचं छायागीत. ऐकणारा झोपला तरी बिघडत नसे, कारण आकाशवाणीची सभा रात्री आपोआप संपायची. निवेदक निरोप घ्यायचे, मागे नुसती खरखर उरायची, आणि आजोबा झोपेतच हात लांबवून बटण फिरवायचे. यूट्यूबची सभा संपत नाही. एक व्हिडिओ संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा, आणि तो तिसरा तुमच्या झोपेचा विचार करून निवडलेला नसतो. तो तुम्ही जागं राहावं म्हणून निवडलेला असतो.

म्हणून : (अ) ऑटोप्ले बंद करावा. (आ) व्हिडिओवरच्या दातेरी चाकाच्या चिन्हात ‘स्लीप टायमर’ शोधावा. ही सोय आधी पैसे भरणाऱ्यांना होती, ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांना मिळाली. अर्धा तास लावावा. म्हणजे आकाशवाणीने जे वर्षानुवर्षं फुकट केलं, ते यूट्यूबला जन्मानंतर १९ वर्षांनी सुचलं.

(इ) जाहिराती. आठ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओच्या मध्येच जाहिरात घालायची मुभा यूट्यूबने २०२० पासून दिली आहे. दहा तासांच्या व्हिडिओत किती मावतील याचा हिशेब अंथरुणात करू नये. काही शहाणे चॅनेलवाले जाहिरात फक्त सुरुवातीला ठेवतात, असे हेरून ठेवावेत. बाकीचे गुळव्याने झारा उचलला की नेमके ‘करोडपती व्हा’ ओरडतात. प्रीमियम घेतलं तर जाहिराती जातात. एकट्याचा मासिक दर ऑगस्ट २०२४ मध्ये १४९ रुपये झाला. ‘झोपायला बी पैसं?’ या आईच्या प्रश्नाला उत्तर तयार ठेवावं.

(ई) रिझोल्यूशन १४४पी. पाठमोऱ्या फोनवर चित्र स्वच्छ दिसण्याची गरज नाही आणि दिवसाचा डेटा सकाळच्या भावकीच्या ग्रुपवरच्या शुभेच्छांसाठी लागतो.

नेहमीच्या अडचणी

*फोन फ्लाइट मोडवर टाकला तर चालेल का?* व्हिडिओ आधी डाउनलोड केला असेल तर चालेल, शिवाय मावशीचा अकरा वाजताचा फोनही चुकेल. पण शेतातल्या मोटारीला मोबाइल स्टार्टर असेल आणि तुमच्या फीडरला रात्रीच्या लाईटची पाळी असेल, तर लाईट आल्याचा निरोप तुम्हाला मिळणार नाही. सकाळी ऊस कोरडा आणि भाऊ ओला, म्हणजे घामाने, आणि तोही तुमच्या नावाने शंख करत.

*बाबांना बातम्या लावल्याशिवाय झोप येत नाही. टीव्हीवर चौघं एकदम ओरडतात आणि बाबा घोरतात. हे कसं?* नियमात बसतं. काम जोरात चालू आहे, मन लावून चालू आहे, आणि त्यातलं भांडण बाबांचं नाही. टीव्ही बंद करू नये. बंद केला की ते लगेच म्हणतील, “बघतोय की मी.” आवाज थोडा थोडा कमी करत न्यावा.

*धाकट्याला झोपवायला जेसीबीचे व्हिडिओ लावले तर?* तुम्ही झोपाल. तो नाही. त्याच्या दृष्टीने ते त्याचंच काम आहे, फक्त अजून नेमणूक व्हायची आहे.

*नवरा-बायकोची आवड जुळत नसेल तर?* पत्रिकेत हा गुण धरत नाहीत, ही ज्योतिषशास्त्राची उणीव. एका कानात एक, दुसऱ्या कानात दुसरा, अशी तडजोड करू नये. गुऱ्हाळ आणि हरिपाठ एकत्र ऐकू आले की काहिलीत टाळ वाजतात. दिवस वाटून घ्यावेत. सोमवारी रेल्वे, मंगळवारी घड्याळ.

*लाईट गेली तर?* वायफाय जातो, पंखा थांबतो, सगळं घर एकदम जागं होतं आणि गच्चीवर जाऊन शेजाऱ्यांना विचारतं, “तुमची बी गेली का?” त्यांचीही गेली असं कळलं की निम्म्यांना तिथेच समाधानाने पेंग येते. व्हिडिओ पुन्हा लावायची गरज पडत नाही.

*रोज व्हिडिओ लावूनही महिनोन्‌महिने झोप येत नसेल तर?* मार्गदर्शिका बंद करून डॉक्टरांना दाखवावं. हे गमतीने लिहिलेलं नाही.

पुढचा अभ्यासक्रम

वरच्या सगळ्या पायऱ्या जमल्या, टायमर संपायच्या आत झोप येऊ लागली आणि एकाही व्हिडिओचा शेवट सांगता येईनासा झाला, की तुम्ही नवशिके राहिला नाहीत. मग फोनशिवायचा अभ्यासक्रम घ्यावा. त्याला साहित्य एकच : पलीकडच्या खोलीत हळू आवाजात, न थांबता, तुमच्याशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टी बोलणारं माणूस. कामेरीच्या कुणाच्या सुनेची सोयरीक, कासेगावच्या कुणाची विहीर, १९८० सालचं कुणाचं तरी मानपान. यात जाहिरात नाही, ऑटोप्ले भरपूर आहे, आणि काम चालू असल्याचा भरवसा पक्का, कारण बोलता बोलता लसूण सोलणं सुरूच असतं.

हे सगळं करणारी एक आत्या प्रत्येकाला असते. तिला बोलावून घ्यावी. फक्त तिला टायमर नाही : चार दिवसांसाठी आली की महिना काढते, आणि तिसऱ्या रात्री तिचा विषय तुमच्यावर येतो.